घाटात थरथरणारी गाडी: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे एक प्रकरण

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची सात आसनी डिझेल गाडी जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळील एका कार्यशाळेत तपासणीसाठी आली. गाडी २०१७ सालची होती, तिला सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे नेणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि मीटरवर सव्वा लाख किलोमीटर झाले होते. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक आणि टायर यांची कामे वेळच्या वेळी केल्याच्या पावत्या मालकांनी एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मात्र त्या संपूर्ण गठ्ठ्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख एकदाही नव्हता. हा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. गाडी घेतानाच त्यांना सांगण्यात आले होते की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे असते आणि त्याला हात लावायचा नसतो, आणि त्यांनी ते तंतोतंत पाळले होते.

तक्रार

तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी जाणवत. पहाटेच्या थंडीत इंजिन सुरू करून लिव्हर ‘डी’वर घेतला की गाडी लगेच उचलत नसे, दोन-अडीच सेकंद काहीच घडत नसे आणि मग हलका झटका बसून ती पुढे सरके. “गिअर टाकला की गाडी जरा विचार करत बसते,” असे मालकांनी सांगितले, आणि निफाडच्या हिवाळ्यात ही तक्रार प्रथम लक्षात यावी यात नवल काही नाही. दुसरी तक्रार अशी की ताशी साठच्या आसपास, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून एकसारख्या वेगाने जाताना, रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर तळातून येई आणि पाय थोडा दाबला किंवा उचलला की थांबे. तिसरी तक्रार फक्त कसारा घाट चढून आल्यावर दिसे: गाडी तापलेली असताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर उतरताना पाठीत धक्का जाणवे.

यापूर्वी एका गॅरेजात चाकांचे बॅलन्सिंग झाले होते, इंजिनाचे माउंट बदलले होते आणि इंजेक्टरही साफ करून घेतले होते. त्या कारागिरांची दिशा चुकली तरी ती अगदीच अनाकलनीय नव्हती, कारण थरथर ही खूण तीन-चार दोषांत सारखीच असते. फरक इतकाच की चाकाचा तोल बिघडला असेल तर थरथर वेगाशी बांधलेली असते आणि पाय उचलल्यावरही राहते. इंजिनात एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर ती ओझ्याखाली, म्हणजे पाय दाबल्यावर, वाढते. हलक्या पायावर येणारी आणि पाय दाबताच जाणारी थरथर ही बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचची असते. एकसारख्या वेगात कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडून टाकणारा हा क्लच. मालक जे सांगत होते ते नीट ऐकून घेतले असते, तर माउंटचे पैसे वाचले असते.

तेलावर काय काय अवलंबून असते

हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल प्रामुख्याने वंगण असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेच तेल इंजिनाची ताकद पुढे नेते, दाबाखाली क्लचचे संच दाबून धरते, वॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या वॉल्व्हच्या ठोकळ्यातील, बारीक मार्गांतून फिरून गिअर कधी बदलायचा याचे हुकूम पोहोचवते, तयार होणारी उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते आणि या सगळ्यासोबत दात व बेअरिंगही ओले ठेवते. त्याशिवाय त्याच्यावर एक जबाबदारी अशी आहे की जी इतर कोणत्याही तेलावर क्वचितच असते: त्याने क्लचच्या प्लेटा घसरूही द्यायच्या आणि धरूही द्यायच्या, आणि घसरण्याकडून धरण्याकडे होणारा बदल झटका न बसता घडवायचा.

हे शेवटचे काम घर्षण नियंत्रित करणाऱ्या रसायनांमुळे होते. प्लेटा एकमेकींवर अगदी हळू सरकत असताना घर्षण अचानक वाढू नये, हे ती रसायने सांभाळतात. ती क्षीण झाली की प्लेट क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि हे सेकंदाला अनेकदा घडू लागले की त्यालाच चालक थरथर म्हणतो. या रसायनांचे महत्त्व किती, हे इतिहासातही दिसते. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सुरुवातीच्या दशकांत या कामासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी तेथे त्यावर बंदी आल्यावर उत्पादकांना पर्यायी रसायने शोधावी लागली आणि मधल्या काळात गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. गिअरबॉक्समधले लोखंड तेच होते. बदलला होता तो तेलातला एक लहानसा घटक.

तेलाचा मुख्य शत्रू उष्णता आहे. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात गिअरबॉक्सचे तेल दीर्घकाळ टिकते. त्यापुढे, ढोबळ नियमानुसार, तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी १२० अंशांवर तेल सुमारे आठपट वेगाने शिळे होते. ऑक्सिडेशनमधून आम्ले आणि वॉर्निशसारखा चिकट थर तयार होतो, रबरी सील कडक होतात आणि काही मायक्रॉनच्या फटीत सरकणारे वॉल्व्ह अडखळू लागतात.

आता हे नाशिकच्या रस्त्यांवर ठेवून पाहावे. मुंबईहून येताना कसारा घाटात मालवाहू ट्रकांच्या मागे ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चढताना लॉक-अप क्लच सुटलेला असतो, टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन पंखे वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात, आणि त्या फरकातली ऊर्जा थेट तेल तापवण्यात जाते. याच वेळी गाडीचा वेग कमी असल्यामुळे कूलरवर समोरून येणारी हवाही कमी असते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर भरल्या गाडीने जातानाही हेच घडते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि अनेकांचा घाट टळला, परंतु या गाडीचे सव्वा लाख किलोमीटर त्याआधीचे होते. वाशीच्या बाजारात नमुने घेऊन जाणे, मुलीकडे ठाण्याला जाणे आणि हंगामात मागच्या आसनांच्या जागी क्रेट भरून नेणे, हा तिचा नित्यक्रम होता.

गाडीसोबतच्या पुस्तिकेत सामान्य वापरासाठी गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची नोंद नव्हती, हे खरे. परंतु त्याच पुस्तिकेच्या शेवटी खडतर वापराचा वेगळा तक्ता होता आणि त्यात तेल बदलण्याचे अंतर दिलेले होते. डोंगराळ रस्ता, धूळ, ओझे, सततची थांबती-चालती वाहतूक आणि उष्ण हवामान अशा वापराला त्या तक्त्याने खडतर म्हटले होते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात धावणाऱ्या आणि शेतरस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा वापर सामान्य म्हणावा असे या यादीत फारसे काही उरत नाही. ‘आयुष्यभराचे तेल’ या शब्दांत आयुष्य कोणाचे आणि किती, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. व्यवहारात ते बहुधा वॉरंटीच्या काळाशी जुळते.

तपासणी

पहिली चाचणी रस्त्यावर झाली. स्कॅनर जोडून गाडी पाथर्डी फाट्यावरून विल्होळी, वाडीवऱ्हे करत महामार्गाने इगतपुरीकडे नेली आणि पडद्यावर इंजिनाचे फेरे, टर्बाइनचे (टॉर्क कन्व्हर्टरमधील गिअरबॉक्सकडच्या पंख्याचे) फेरे, त्यांतील फरक, तेलाचे तापमान आणि लॉक-अपचा हुकूम हे पाच आकडे एकत्र ठेवले. ताशी ६० किलोमीटरला संगणकाने लॉक-अपचा हुकूम दिला. निरोगी गाडीत यानंतर दोन फेऱ्यांतील फरक शून्याजवळ किंवा एका लहान आकड्यावर स्थिर होतो. येथे तो मिनिटाला ३० आणि ११० फेरे यांच्यामध्ये हेलकावत राहिला, आणि आकडा हेलकावू लागला त्याच क्षणी आसनाखाली थरथर आली.

खात्रीसाठी फोरमननी एक जुनी युक्ती केली. मागे वाहन नाही हे पाहून, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच स्थिर ठेवून, त्यांनी डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला ब्रेक लागणार नाही इतकाच स्पर्श केला. ब्रेकचा दिवा लागताच संगणक लॉक-अप सोडतो. तो सुटला, इंजिनाचे फेरे किंचित चढले आणि थरथर नाहीशी झाली. पाय काढला, लॉक-अप पुन्हा लागला, थरथर परत आली. वेग तोच, चाके तीच, इंजिनावरचे ओझेही जवळपास तेच. त्यामुळे संशय कोठे ठेवायचा हे निश्चित झाले.

गाडी कसाऱ्यापर्यंत उतरवून पुन्हा घाट चढवली. माथ्यावर पोहोचेपर्यंत तेलाचे तापमान ११८ अंशांवर गेले. जानेवारीच्या दुपारी, फक्त दोन माणसे बसलेली असताना हा आकडा जास्तच होता. मे महिन्यात कुटुंब आणि सामान घेऊन तो कोठे जात असेल याचा अंदाज करता येतो.

दुसऱ्या दिवशी तेलाची पातळी पाहिली, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहणे हे इंजिन ऑइलसारखे काम नाही. आजच्या बहुतेक गिअरबॉक्सांना डिपस्टिकच नसते. बाजूला किंवा खाली एक ओव्हरफ्लो बोल्ट असतो. गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी समपातळीत हवी, इंजिन सुरू हवे, लिव्हर प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद ठेवून परत ‘पी’वर आणलेला हवा, आणि तेल उत्पादकाने दिलेल्या तापमानात हवे. या गिअरबॉक्ससाठी तो पट्टा ५० ते ६० अंशांचा होता. तेल तापले की फुगते. म्हणून ८० अंशांवर बोल्ट उघडला तर योग्य पातळीचे तेलही वाहून जाते, आणि २५ अंशांवर भरून बंद केले तर गरम झाल्यावर ते जास्त ठरते व फिरत्या भागांत घुसळून फेस होतो. स्कॅनरवर ५२ अंश दिसताच बोल्ट सोडला. एक थेंबही आला नाही. योग्य पातळी असती तर बारीक धार येऊन थेंबांवर थांबली असती.

तेल गेले कोठे याचे उत्तर डाव्या ॲक्सलच्या सीलशी मिळाले. तेथे धुळीचा ओलसर, तेलकट थर बसला होता. जमिनीवर डाग पडावा इतकी गळती नव्हती, पण काही वर्षांत अर्धा लिटर कमी व्हायला ती पुरेशी होती. पातळी कमी असली की चढावर आणि वळणावर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, दाब भरायला वेळ लागतो. थंडीत तेल घट्ट आणि सील कडक, त्यात पातळी कमी. सकाळचा तो दोन-अडीच सेकंदांचा विलंब या तिन्ही गोष्टींच्या बेरजेतून येत होता, असा आमचा निष्कर्ष आहे.

गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे चेंबर उतरवण्यापूर्वी पुढच्या जाळीतून कूलरही पाहिला. त्याच्या पंखांत शेतरस्त्याची माती, किडे आणि फवारणीची पांढरट पावडर यांचा थर होता. द्राक्षबागेत गंधकाची भुकटी आणि बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले जाते, आणि गाडी बागेच्या बांधावरच उभी असते. घाटातल्या ११८ अंशांचे अर्धे स्पष्टीकरण त्या थरात होते.

चेंबरमध्ये काय सापडले

ड्रेन बोल्टमधून आणि नंतर चेंबर व फिल्टर काढून निघालेले तेल मापाच्या भांड्यात अडीच लिटर भरले. त्या गिअरबॉक्समधून या पद्धतीने सुमारे तीन लिटर निघायला हवे होते. रंग गडद तपकिरी होता. रंगावरून मात्र एकदम निकाल देऊ नये. काही तेले काही हजार किलोमीटरमध्येच काळपट होतात आणि तरी काम नीट करतात, तर काहींचा रंग मुळातच लाल नसतो. वास अधिक बोलका असतो. क्लचचे अस्तर जळले असेल तर करपलेला, नाकात बसणारा वास येतो. येथे वास शिळा आणि उग्र होता, करपलेला नव्हता. तेलात गुलाबी दुधाळपणाही नव्हता. तो असता तर रेडिएटरमधून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरल्याचा अर्थ झाला असता, आणि मग हे प्रकरण फार वेगळ्या वळणावर गेले असते.

चेंबरच्या तळाशी लावलेल्या चुंबकांवर राखाडी, मऊ लगदा जमलेला होता. तो बोटांत चोळून पाहिला. कुठेही खरखर लागली नाही, उन्हात धरल्यावर चमकणारे तुकडे दिसले नाहीत. इतक्या अंतरानंतर असा लगदा असणे स्वाभाविकच आहे. चुंबक पितळ आणि ॲल्युमिनिअम पकडत नाही, आणि क्लचच्या अस्तराचे कागदी कणही पकडत नाही, म्हणून निघालेले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळले. फडक्यावर बारीक काळी पूड राहिली, तंतू किंवा पापुद्रे नव्हते. स्कॅनरच्या नोंदींतही कोणत्याच गिअरमध्ये, एकदा तो लागल्यानंतर, गुणोत्तराची चूक किंवा घसरण नव्हती. थोडक्यात, क्लचचे संच शाबूत होते आणि तेल थकले होते.

‘जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलू नये’

या टप्प्यावर मालकांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी फोनवरून सावध केले. “अण्णा, लाखाच्या वर गेलेल्या ऑटोचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो. चाललंय तसं चालू द्या.” हा समज नाशिकच्या गॅरेजांमध्ये सर्रास ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे खरे अनुभव आहेत.

ज्या गिअरबॉक्समध्ये क्लचचे अस्तर जवळजवळ संपले आहे, तेथे जुन्या तेलात तरंगणारे अस्तराचेच कण थोडी पकड टिकवून धरतात, आणि घर्षण नियंत्रक रसायने संपल्यामुळे तेलही चिकट वागते. ताजे तेल भरले की दोन्ही आधार जातात आणि दडलेली घसरण उघडी पडते. दुसरे, यंत्राने दाब देऊन संपूर्ण तेल एकाच वेळी ढकलून काढले, तर वर्षानुवर्षे कोपऱ्यांत बसलेला गाळ सुटून वॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. आणि तिसरे कारण माणसाच्या वागण्यात आहे: बहुतेक लोक गाडी घसरू लागल्यावरच तेल बदलायला येतात, त्यानंतर महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो, आणि दोष शेवटी केलेल्या कामावर जातो. म्हणून हा सल्ला घसरणाऱ्या, करपलेल्या वासाच्या गिअरबॉक्ससाठी बऱ्याच अंशी बरोबर आहे. ज्याचे अस्तर शाबूत आहे आणि ज्याला केवळ लॉक-अपची थरथर आहे, त्याला तो लावणे म्हणजे चांगल्या प्लेटांना वाईट तेलात झिजू देणे होय, कारण थरथरणारा लॉक-अप क्लच प्रत्येक किलोमीटरला आपले अस्तर खरवडतो आणि तीच पूड पुढे सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे तेलाचा दाब सोडणाऱ्या विजेच्या वॉल्व्हपर्यंत, जाते.

मालकांसमोर संपूर्ण गिअरबॉक्स खोलण्याचा पर्यायही होता. दुसरीकडून त्यांना त्यासाठी पावणेदोन लाखांचा अंदाज मिळालेला होता. चेंबरमधला पुरावा पाहता त्याची गरज दिसत नव्हती. यंत्राने फ्लश करणे वरील कारणासाठी नाकारले. ठरले ते असे की तेल टप्प्याटप्प्याने, काढून आणि भरून, तीन फेऱ्यांत बदलायचे.

तेलाची निवड

मालकांच्या पुतण्याने द्वारका परिसरातील एका दुकानातून लाल तेलाचा डबा आधीच आणून ठेवला होता. त्यावर अनेक गाड्यांना चालेल असे लिहिले होते. फोरमन त्याला म्हणाले, “दादा, आधी डब्याच्या पाठीमागचं वाचू, मग झाकण उघडू.” पुस्तिकेत दिलेले मानक डब्यावर नव्हते, होते ते जुने डेक्सरॉन-३ हे मानक. रंग लाल असणे ही तेलाची ओळख नसून केवळ त्यात घातलेला रंग आहे. जनरल मोटर्सने २००५ मध्ये आणलेल्या डेक्सरॉन-६ चा चिकटपणा १०० अंशांवर सहा सेंटीस्टोकच्या (चिकटपणा मोजण्याचे एकक) आसपास असतो, तर डेक्सरॉन-३ वर्गातील तेलांचा सात-साडेसातच्या आसपास. पातळ तेलासाठी बनवलेल्या सहा गतींच्या गिअरबॉक्समध्ये जाड तेल भरले तर दाब आणि गिअर लागण्याची वेळ दोन्ही बदलतात, आणि घर्षणाचा स्वभाव वेगळा असेल तर जी थरथर घालवायची तीच परत येते. डबा परत गेला आणि पुस्तिकेतील मानकाचे तेल मागवले.

येथे एक इशारा अनाठायी ठरू नये. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली आपल्या रस्त्यांवर चार निरनिराळ्या यंत्रणा धावतात. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलेल्या एएमटीमध्ये हाताच्या गिअरचाच गिअरबॉक्स आणि त्याचेच तेल असते, गिअर तेवढा यंत्र टाकते. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या यंत्रणेला, तिचे स्वतंत्र तेल लागते, कारण तेथे पट्टा किंवा साखळी पुलीला घर्षणाने पकडते. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचे तेल भरणे हे पुली आणि पट्टा खराब करण्याचा हमखास मार्ग आहे. दुहेरी क्लचच्या गाड्यांत ओला आणि कोरडा असे दोन प्रकार आणि त्यांची तेलेही वेगळी. या प्रकरणातील एकही आकडा त्या गाड्यांना लागू करू नये.

काम आणि त्याचे गणित

पहिल्या फेरीत ॲक्सलचे सील, चेंबरचे गॅसकेट, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, चुंबक पुसून जागेवर बसवले आणि तीन लिटर तेल भरले: निघालेले अडीच आणि कमी असलेले अर्धा. कूलरचे पंख आतल्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुतले. जास्त दाबाने धुतले तर पंख मुडपतात आणि हवेचा मार्ग कायमचा बंद होतो.

गिअरबॉक्सची एकूण क्षमता सात लिटर. चेंबर रिकामे केले तरी सुमारे चार लिटर जुने तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांत आणि कूलरमध्ये राहतेच. म्हणून पहिल्या फेरीनंतर जुन्या तेलाचे प्रमाण ५७ टक्के होते. काही दिवस गाडी रोजच्या कामात चालवून तेल नीट मिसळू दिले आणि पुन्हा तीन लिटर काढून भरले, तेव्हा ते ३३ टक्क्यांवर आले. तिसऱ्या फेरीनंतर १९ टक्क्यांवर. चौथी फेरी केली असती तर ते ११ टक्के झाले असते, परंतु आणखी तीन लिटर तेलाच्या किमतीत मिळणारा लाभ आता उतरणीला लागला होता. एकूण नऊ लिटर तेल लागले. तेल, फिल्टर, सील आणि मजुरी धरून खर्च वीस हजारांच्या आत राहिला.

शेवटच्या फेरीनंतर स्कॅनरवरून गिअरबॉक्सच्या संगणकातील जुळवणीच्या नोंदी पुसल्या. वर्षानुवर्षे खराब तेलाला सांभाळून घेण्यासाठी संगणकाने दाब बदलत नेलेले असतात. तेल नवे आणि हिशेब जुना राहिला तर गिअर उगाच जोरात लागतात. नोंदी पुसल्यावर काही अंतर शांत, एकसारख्या पायाने, सर्व गिअर वर-खाली होतील असे चालवून त्याला नवा हिशेब शिकू द्यावा लागतो. त्या पहिल्या दिवशी गिअर थोडे अडखळतात, हे मालकांना आधीच सांगून ठेवले.

परिणाम

थरथर पहिल्या फेरीनंतर कमी झाली आणि दुसऱ्यानंतर जाणवेनाशी झाली. तिसऱ्या फेरीनंतरच्या चाचणीत लॉक-अप लागल्यावर फेऱ्यांतील फरक मिनिटाला २० ते ३५ यांमध्ये राहिला. सकाळचा विलंब एका सेकंदापर्यंत आला. घाटाच्या माथ्यावरील तापमान फेब्रुवारीत, पहिल्या चाचणीपेक्षा थोड्या उष्ण दिवशी, १०४ अंश होते. हा फरक मुख्यतः धुतलेल्या कूलरचा आहे, नव्या तेलाचा नव्हे, असे आमचे मत आहे. आजूबाजूच्या अनेक गाड्यांना तेलाआधी याच एका धुण्याची गरज असावी.

तिसरी तक्रार पूर्ण गेली नाही. तापलेल्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरतानाचा धक्का सौम्य झाला, पण ओळखू येण्याइतका राहिला. त्या गिअरचे सोलेनॉइड किंवा त्याच्या वॉल्व्हची वाट वॉर्निशने चिकटली असावी, अथवा तेथे झीज झाली असावी. ताज्या तेलातील स्वच्छक रसायने पातळ थर हळूहळू विरघळवू शकतात, झिजलेले धातू मात्र भरून काढू शकत नाहीत. बिघाडाचा कोणताही संकेत संगणकात नोंदलेला नसताना केवळ एका सौम्य धक्क्यासाठी वॉल्व्ह बॉडी खोलू नये, यावर फोरमन आणि मालक दोघांचे एकमत झाले.

चालवण्याविषयी मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. घाटात ट्रकांच्या मागे रेंगाळताना ‘डी’वर सोडण्याऐवजी हाताने दुसरा गिअर धरून ठेवावा, म्हणजे गिअरबॉक्स सतत वर-खाली होत नाही आणि पुढे मोकळी वाट मिळताच लॉक-अप लागण्याची शक्यता वाढते. चढावर थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी. पहिल्या प्रकारात टॉर्क कन्व्हर्टर स्थिर गाडीत पूर्ण ताकदीने तेल घुसळत राहतो आणि काही मिनिटांत तापमान भलतीकडे जाते. मालकांचा दुसऱ्या सूचनेवर विश्वास बसायला वेळ लागला, कारण गाडी मागे घसरू नये म्हणून वणीच्या चढावर ते वर्षानुवर्षे नेमके उलटे करत आले होते. स्कॅनरवरचा आकडा पंधरा-वीस सेकंदांत चढताना त्यांनी पाहिला, तेव्हा ते पटले.

पुढील तेलबदल ४० हजार किलोमीटर किंवा चार वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, आणि तोही एका वेळी तीन लिटर काढून भरण्याचा, असे सर्व्हिस कार्डावर लिहून दिले. कूलर दर वर्षी एप्रिल छाटणीच्या आधी धुवायचा आहे. ॲक्सलचे सील पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिले. ते कोरडे होते. दुसऱ्या गिअरच्या सोलेनॉइडचा निर्णय पुढच्या तेलबदलापर्यंत राखून ठेवला आहे: चेंबर तेव्हा पुन्हा उतरेल, आणि चुंबकावर मऊ लगद्याऐवजी खरखर लागली किंवा फडक्यावर पापुद्रे आले, तर वॉल्व्ह बॉडी त्याच वेळी खोलायची, असे ठरले आहे.